पाठीवरचं गिऱ्हाईक

एक क्रौंच पक्षी माझ्या पाठीवर उभा राहिला. लोक सांगतात तसं मी त्याला तिथे मुद्दाम उभं केलं नव्हतं, हे इथेच स्पष्ट करतो. आमचा फोटो स्टुडिओ आहे, लोकांत नाव आहे, त्यामुळे पहिल्यापासून सांगतो.

पासपोर्ट फोटो काढण्यात माझा हात कोणी धरणार नाही. रडणारं मूल, पेंगणारे आजोबा, मान हलवत बोलणाऱ्या मावश्या, सगळ्यांचे दोन्ही कान मी एका क्लिकमध्ये आणतो. त्यामुळे पाय प्लॅस्टरमध्ये घालून पडलेले बाबा जेव्हा म्हणाले, "यंदा क्रौंच बघायला जाणं होत नाही बघ," तेव्हा मी म्हणालो, "तुम्ही पडून राहा. मी सगळ्यांना घरी आणतो. फोटोत."

"सगळे नकोत. एकच बघ. डाव्या पायाचं मधलं बोट वाकडं आहे त्याचं. दरवर्षी दुर्बिणीतून शोधतो मी त्याला. गेल्या खेपेला फार थकलेला वाटला." बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "आला असला म्हणजे झालं."

इतक्या हळव्या आवाजात बाबा माझ्या निकालाबद्दलही कधी बोलले नव्हते.

लपायला काहीतरी हवं म्हणून मी स्टुडिओतला मागचा आकाशी पडदा काढला.

"शेतात निळा?" ताईने विचारलं.

"आकाशाचा रंग आहे. पक्ष्यांना आकाशाची सवय असते."

"आकाश वर असतं."

"तू तुझं प्रिंटिंग बघ."

कापणी झालेल्या शेतात मी पालथा पडलो, अंगावर पडदा पसरला आणि एका भोकातून कॅमेरा बाहेर काढला. धसकटं पोटाला अशी टोचत होती, जणू कोणी माझी शिवण उसवून पुन्हा घालत होतं. क्रौंच पार पलीकडच्या बांधाजवळ चरत होते. तिथलं बोट सोडा, पाय कुठला आणि काडी कुठली तेही कळेना.

मग थवा उडाला आणि त्याने माझ्यावरून एक चक्कर मारली. जमिनीवर पसरलेलं, वाऱ्याने हलणारं निळं कापड वरून कसं दिसतं, याचा विचार मी केला नव्हता. त्यांना ते तळं वाटलं. थवा तळ्यात उतरला.

तळं म्हणजे मी.

एक थेट पाठीवर आला. दुसरा कमरेपाशी चोच मारून मासे आहेत का ते तपासू लागला. मी माशासारखाच गप्प राहिलो. पाठीवरचा सावकाश चालत डोक्यावरून उतरला आणि लेन्ससमोर येऊन उभा राहिला. सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं, "हनुवटी खाली. हलू नका."

तो हलला नाही. इतकं ऐकणारं गिऱ्हाईक मला आजवर मिळालेलं नाही. मी क्लिक करत सुटलो.

तेवढ्यात बांधावरून शेतवाल्या काकू ओरडल्या, "अहो, पाइप फुटला! तळं झालंय शेतात, मोटार बंद करा!"

खांद्यावर फावडं घेऊन काकू धावत आल्या. थवा उडून गेला. पाणी किती खोल आहे ते बघायला काकूंनी पाय टाकला, तो माझ्या कमरेवर.

"आई गं," तळं म्हणालं.

काकूंनी फावडं उगारलं. मी घाईघाईने डोकं बाहेर काढलं. "काकू, मी आहे. स्टुडिओवाला."

"मला फोटोत चोरासारखं काढलंस तो तूच ना?"

ओळख पटली, पण फावडं काही खाली येईना.

घरी येऊन फोटो उघडले. ना चोच, ना मान, ना कान. सगळीकडे नुसते पाय. "बाबा, हे रद्दच समजा," मी म्हणालो.

बाबांनी चष्मा लावला आणि स्क्रीनला जवळजवळ नाक टेकवलं.

"डावा पाय," ते पुटपुटले. "मधलं बोट." मग स्क्रीनवर त्या वाकड्या बोटाला हात लावला. "आला रे. आला माझा गडी."

त्यांनी चष्मा पुसला. चष्मा स्वच्छ होता.

आता तो काटकुळा पाय आमच्या दुकानात, नवरा-नवरीच्या फोटोंच्या बरोब्बर मधे टांगलाय. खाली ताईने लिहिलंय, 'छायाचित्रकार : तळं'. आणि बाबांचं सुरू झालंय, "पुढच्या वेळी चेहरा आण."

तरी सर्व स्थलांतरित क्रौंचांना विनंती करण्यात येते, की पुढील हंगामात त्यांनी साध्या पार्श्वभूमीसमोर, दोन्ही कान स्पष्ट दिसतील अशा बेताने उपस्थित राहावे. छायाचित्रकारावर उभे राहू नये. वाकड्या बोटाच्या महोदयांनी मात्र कोणतीही सबब न सांगता यावे. उभे कुठेही राहिले तरी चालेल.