निसर्ग बघायला निघालेली क्रुझर

शहादा ते तोरणमाळ या रस्त्याबद्दल मला कोणी शिकवायला येऊ नये! बत्तीस वर्षं एस.टी.त कंडक्टर होतो, त्यातली अकरा याच रस्त्यावर. कुठे खड्डा आहे, कुठे म्हैस आडवी बसते, कोणत्या वळणावर मागच्या बाकावरचा माणूस उलटी करतो, सगळं तोंडपाठ. फक्त एक गोष्ट राहून गेली. तो रस्ता मी कधी बघितलाच नाही.

हसू नका! ड्रायव्हर पुढे बघतो, प्रवासी बाहेर बघतात आणि कंडक्टर प्रवाशांकडे बघतो. सात पायऱ्यांचा घाट सुरू झाला की लोक "काय हिरवंगार!" म्हणायचे, आणि मी त्यांच्या कोंबड्या बाकाखाली सरकवत असायचो. अकरा वर्षं घाटातून गेलो आणि मला आठवतात त्या फक्त कोंबड्या.

आता येत्या शनिवारी आम्ही दोघं कायमचे सुरतेला निघालो होतो, आमच्या धर्मेंद्रकडे. नंदुरबारचं घर भाड्याने दिलं, भांडी पोत्यात भरली. धर्मेंद्रच्या फ्लॅटच्या खिडकीतून शेजारच्या फ्लॅटची खिडकी दिसते. म्हणजे घाट बघायचा तर आत्ताच, नाहीतर कधीच नाही. मंगळवारी सकाळी मी घरात जाहीर केलं, "गुरुवारी तोरणमाळ! खिडकीत बसून! मरण्याआधी एकदा घाट बघणार म्हणजे बघणार!"

"सकायमा मरानी गोट काढू नका, ओ धर्मेंद्रना बाप!" आमची कमलबाई म्हणाली.

गाडी ठरवली ती नवापूरच्या जोसेफची क्रुझर. क्रुझर का? खिडक्या जास्त म्हणून! कमलबाई म्हणाली, एवढी मोठी गाडी रिकामी कशाला न्यायची? तिने थोरली बहीण फुलवंताबाई आणि फुलवंताबाईच्या दोन नणंदा बरोबर घेतल्या. मी विरोध केला नाही. मात्र निघताना मोठ्या आवाजात नियम सांगितले. गाडीत बडबड नाही. कोणी आजारपणं काढायची नाहीत. मोबाईल सगळे माझ्या पिशवीत. नुसतं बाहेर बघायचं!

चौघी तोंड पाडून बसल्या. भादव्याचा वारा खिडकीतून सुसाट येत होता म्हणून त्यांनी पदर पार नाकापर्यंत ओढले. माझे कान दुखतात म्हणून मी पांढरी टोपी घातली, वरून पांढरा पंचा गुंडाळला. मांडीवर पिठलं-भाकरीचा मोठा डबा. शेवटी थाटात म्हणालो, "चल जोसेफ, हळू चालव. घाई नाही."

मला तेव्हा काहीच खटकलं नाही. तुम्हाला खटकलं असेल, तर तुम्ही माझ्यापेक्षा हुशार आहात.

प्रकाशा गावाला पुलाअलीकडे जोसेफने चहासाठी गाडी थांबवली. रस्त्यापलीकडे कमलबाईची चुलत बहीण भुरीबाई उभी होती. ही बाई एरवी दिसली की अर्धा तास सोडत नाही. आज तिने गाडीकडे बघितलं, पिशवी खाली ठेवली, डोक्यावरून पदर घेतला आणि जागच्या जागी हात जोडले. मला भरूनच आलं. म्हटलं, आपण गाव सोडून चाललो हे हिला समजलेलं दिसतं! मीही हात जोडले. नियमाप्रमाणे कोणी बोललं नाही.

पुढे गंमतच! रस्त्याकडेच्या टपऱ्यांवरची माणसं आमची गाडी दिसली की उठून उभी राहायला लागली. एकाने तर विडी विझवली. मी सगळ्यांना हात हलवून हसून दाखवत होतो. शहाद्याजवळ जोसेफ आरशात बघून म्हणाला, "आप्पा, मागे एक पिकअप आहे. प्रकाशापासून आहे. आता दुसरी क्रुझरपण लागली."

"जाऊ दे त्यांना पुढे."

"साईड देतोय. घेत नाहीत."

शहादा सोडलं तेव्हा मागे सात गाड्या आणि मोजता येणार नाहीत इतक्या मोटारसायकली होत्या. सगळ्या आमच्याच वेगाने, एकही हॉर्न नाही. "बघा!" मी म्हणालो, "आपल्या लोकांना आता निसर्गाची गोडी लागली!" समोर सातपुडा दिसायला लागला होता. निळा, भरलेला, माथ्यावर ढग अडकलेले. मी काच पूर्ण खाली केली. छाती अशी धडधडत होती, जशी पहिल्या ड्युटीलाही धडधडली नव्हती.

आणि कळसाडीच्या फाट्यावर पंधरा-वीस पांढऱ्या टोप्या रस्त्यात आडव्या उभ्या! दोन्ही हातांनी आम्हाला आत वळायची खूण करत होत्या. जोसेफने निमूट गाडी वळवली.

"अरे, सरळ! तोरणमाळ सरळ आहे!"

"कसं जाऊ आप्पा? माणसं उभी आहेत."

तेवढ्यात पिशवीतला कमलबाईचा मोबाईल वाजला. वाऱ्याच्या आवाजात आधीचे एकतीस कॉल कोणाला ऐकूच आले नव्हते! तिने कानाला लावला. पलीकडे, म्हणजे मागच्याच पिकअपमध्ये, भुरीबाई होती. "कमल व! धुडकू मामा गया व बहीन! तुमनी गाडी देखी आन मी समजी गऊ!"

आता सांगतो. आमच्याकडे मयताच्या घरी भेटायला जाण्याला दारवर जाणं म्हणतात. त्यासाठी क्रुझर करतात. आत बाया तोंडावर पदर घेऊन गप्प बसतात, गडी पांढरी टोपी घालतो, मांडीवर पिठलं-भाकरीचा डबा असतो. अशा गाडीला कोणी अडवत नाही, काही विचारत नाही, ओलांडून पुढे जात नाही. नुसतं मागे लागतं. कमलबाईच्या माहेरचं त्या बाजूला एकच जुनं माणूस, अठ्ठ्याऐंशी वर्षांचे धुडकू मामा. भुरीबाईने हिशोब जुळवला आणि चार तालुक्यांत फोन केले. फाट्यावरच्या टोप्याही त्याच फोनवर बाहेरगावाहून आलेल्या. खात्री करायला मामांच्या घरी मात्र कोणीच केला नाही. मयताच्या घरी फोन करून "गेले का हो?" असं कोणी विचारतं का?

बरं, भुरीबाई चुकली असं आमच्या गाडीत कोणाच्या तरी डोक्यात यावं! नाही! आमचीच बातमी फिरून आमच्याकडे आली आणि चौघींनी एकदम हंबरडा फोडला. "मामा वं! आते आमले कोन इचारी वं!" मीसुद्धा डोळे पुसले. खोटं कशाला बोलू, मी घाटासाठी रडत होतो. डोंगर डावीकडच्या खिडकीत होता, गाडी उजवीकडे चालली होती, आणि हातातोंडाशी आलेला घास माझ्यासमोरून निघून गेला होता.

मामांच्या दारात आमच्या बाया रडत उतरल्या. मागच्या गाड्यांतल्या बाया त्यांच्या गळ्यात पडल्या. घरची माणसं कापसात होती. ओट्यावर खाटेवर धुडकू मामा स्वतः शेंगा सोलत बसले होते. एवढी रड ऐकून ते घाबरून उठले, पागोटं नीट केलं आणि गंभीरपणे येऊन आम्हा पुरुषांच्या रांगेत उभे राहिले. पदराआडून कोणाला काही दिसत नव्हतं. रांगेतले आम्ही माना खाली घालून उभे.

थोड्या वेळाने मामांनी शेजारी उभ्या असलेल्या मला कोपराने ढोसून विचारलं, "कोन गया रे?"

"धुडकू मामा गया," मी खाली बघूनच म्हणालो.

"आरारारा!" मामा म्हणाले. मग जरा थांबून, "कोनता धुडकू?"

मी मान वर केली आणि माझ्या तोंडून अशी किंकाळी फुटली की बायांचं रडणं जागच्या जागी थांबलं! फुलवंताबाईने पदर बाजूला केला, मामांना बघितलं आणि मटकन खाली बसली.

नंतरचा अर्धा तास मी सांगणार नाही. "कोनी उठाडी हाई बातमी?" एवढा एकच प्रश्न होता आणि शंभर बोटं माझ्याकडे होती. मी खरं ते सांगितलं. "आम्ही निसर्ग बघायला निघालो होतो."

"काय देखाले?" मामांनी विचारलं.

"निसर्ग. झाडं, डोंगर."

"झाडे देखाले क्रुझर? मन्हा बांधवर काय कमी शेतस, जवाई?"

सगळे हसले. हसले म्हणजे सुटलो, असं मला वाटलं. घड्याळात एक वाजला होता, अजून घाट गाठता येत होता. मी हळूच म्हणालो, "बरं, मग आम्ही निघतो तोरणमाळला."

"कथा?" कुठे निघालात म्हणून भुरीबाई आडवी आली. "दारवरनी गाडी दुसरीकडे जात नही! सरळ घर जावो, आंग धोवो!"

"अहो, पण मेलं कोण?"

"रडं तं झायं ना!"

मी कमलबाईकडे बघितलं. नवऱ्याची शेवटची इच्छा आहे, काही तरी बोल! ती म्हणाली, "भुरी बराबर बोलस." इतकं एकटं मला बत्तीस वर्षांत रिकाम्या गाडीतही वाटलं नव्हतं.

तेव्हा धुडकू मामा उठले. "मी कोठे रडनू?" ते म्हणाले. "आन मी तं मयत शे. मयताले सुतक नही ऱ्हास! मी आठ्ठ्याऐंशी सालमा तोरनमाळ देखं नही. चाल रे पोऱ्या!" असं जोसेफला सांगून ते सरळ क्रुझरमध्ये चढून बसले. माझ्या खिडकीत!

भुरीबाईने नियम मनातल्या मनात उलटसुलट करून बघितला. त्यात मयताने फिरायला जाऊ नये असं कुठेच नव्हतं.

मी मात्र डोळे पुसलेले, म्हणजे मला बंदीच! मी जोसेफला गाडीच्या दाराशी गाठलं. "बाबा रे, घाटात थांब. माझ्यासाठी एक फोटो काढ. एकच! पण नीट काढ."

"काढतो आप्पा," जोसेफ म्हणाला. त्याच्या आवाजात इतकी दया होती की मी दुसरीकडे बघितलं.

दुपारभर मी फाट्यावर उभा होतो. अक्कलकुव्यापासून रनाळ्यापर्यंतची माणसं येत होती आणि प्रत्येक गाडीला मामा जिवंत असल्याचं मलाच सांगावं लागत होतं. "मंग कथा शेतस?" "तोरणमाळला गेलेत, फिरायला." एकानेही विश्वास ठेवला नाही. एका म्हाताऱ्याने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "ऱ्हास ऱ्हास. असं व्हस मानूसले धक्कामा."

ऊन कलताना क्रुझर परत आली. मी धावत गेलो. "मामा! कसा व्हता घाट?"

"कसाना घाट? वारा लागना, डोया लागी गया. गाडीनी गादी मस्त शे!"

जोसेफने खाली मान घालून मोबाईल माझ्या हातात दिला. फोटो खरंच नीट काढला होता. सात पायऱ्यांचा घाट, भर भादव्यातला, माझ्याच खिडकीतून. खिडकीत मामा तोंड उघडं टाकून झोपलेले, आणि त्यांच्या पागोट्याने सगळी खिडकी भरलेली.

तो फोटो मी मोठा करून सुरतेच्या घरात भिंतीवर लावला आहे. रोज सकाळी चहा घेऊन त्याच्यासमोर बसतो. पागोट्याच्या डाव्या कडेला, चष्मा लावून नीट बघितलं, तर बोटभर हिरवं दिसतं.