शंभुलिंग सरांचं अर्धं पत्र

पत्राची सुरुवात जमली की पत्र जमलं, असा शंभुलिंग सरांचा ठाम दावा होता. नळदुर्गजवळच्या एका गावात ते मराठी शिकवायचे, आणि सातवीला औपचारिक पत्र शिकवताना तर त्यांची छाती अशी फुगायची की शर्टाच्या बटणांची काळजी वाटावी!

त्या दिवशी विषय होता गणवेश. शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांना पत्र लिहायचं आणि गणवेशात आपल्याला हवा तो बदल पटवून द्यायचा.

"काय मागायचं ते उद्या बघू," सर म्हणाले. "आज फक्त सुरुवात. वाचणारा 'न्हाय' म्हणायचं विसरला पाहिजे."

बाकीच्यांची गाडी 'पत्र लिहिण्यास कारण की' इथंच रुतली. श्रावस्तीनं मात्र जीव ओतला, कारण तिची गरज खरी होती. मुलांच्या गणवेशाला खिसेच खिसे आणि मुलींच्या कुर्त्याला नावालाही एक नाही! शेजारच्या गावाहून ती एसटीनं यायची. हातात धरलेला पास हरवून झाला होता, आणि आता परत हरवलास तर चालत जायचं, अशी आईनं तंबी दिली होती. नवे कुर्ते त्याच आठवड्यात शिवायला टाकणार होते.

तिनं वर 'विषय: गणवेश' असं टाकलं आणि खाली लिहिलं: 'महोदय, आपण अध्यक्ष झालात आणि शाळेला कुंपण आलं, नळाला पाणी आलं. हे आम्ही रोज बघतो, पण तुम्हाला कधी सांगितलं नाही. आज एक काम घेऊन आलो आहोत. ते गावात दुसऱ्या कुणाला सांगावं, असं आमच्या मनातसुद्धा आलं नाही.'

सरांना भरूनच आलं. कागद घेऊन ते शेजारच्या दोन वर्गांत वाचून आले, आणि त्याच भरात तो मुख्याध्यापिका महेश्वरी मॅडमच्या हातात दिला. मॅडम समितीच्या बैठकीला निघाल्या होत्या. पत्रात मागणी अजून यायचीच आहे, हे सांगायचं सर साफ विसरले!

अध्यक्ष कल्याणप्पांनी कुंपणासाठी तालुक्याला हेलपाटे घालून चपला झिजवल्या होत्या, पण शाबासकी म्हणाल तर घरच्यांनीसुद्धा दिली नव्हती. त्यांनी पत्र मोठ्यानं वाचलं. शेवटची ओळ तर दोनदा वाचली. चष्मा पुसून ते उभेच राहिले.

"मंजूर!"

टाळ्या पडल्या. मॅडमनी इतिवृत्ताची वही उघडली. "अप्पा, काय मंजूर म्हणून लिहू?"

अप्पांनी कागद उलटा केला. पलीकडं कोरा! पण भर बैठकीत दिलेला शब्द माघारी घेतील तर ते अप्पा कसले! एक सभासद म्हणाले, बूट मागितले असतील. शेजारी बसलेल्या सभासद शरणबसप्पांना टाय वाटला. तिसऱ्यांनी स्वेटर काढला, आणि बोलता बोलता प्रकरण कोटापर्यंत गेलं. अप्पांचा चेहरा उतरत चालला, तशी सरांना हाक गेली.

सरांना वाटलं, सत्कार आहे. ते केस विंचरून आले! नारळ कुठं दिसेना, म्हणून टेबलाखालीही एक नजर टाकली. प्रश्न कळल्यावर मात्र त्यांना घाम फुटला. मागणी त्यांनाच कुठं ठाऊक होती? त्यांनी मुकाट्यानं श्रावस्तीला बोलावलं.

तिनं एकदा अप्पांकडं बघितलं. "कुर्त्याला खिसा पायजे, अप्पा. पास ठेवायला."

कोटाच्या धास्तीनं बसलेल्या अप्पांच्या जिवात जीव आला. "एवढंच व्हय? दोन लावा!"

संध्याकाळपर्यंत सरांनी ही हकिकत भेटेल त्याला ऐकवली. ज्यांनी आधी ऐकली होती, त्यांनाही ऐकवली. दुसऱ्या दिवशी वर्गात ताठ मानेनं शिरून त्यांनी फळ्यावर लिहिलं: पत्राचा मुख्य भाग व शेवट.

एकाही पोरानं वही उघडली नाही. श्रावस्ती अदबीनं उभी राहिली.

"सर, पुढचं राहू द्या की. सुरुवातीतच काम होतंय."

साऱ्या वर्गानं माना डोलावल्या. सरांनी हळूच खडू खाली ठेवला. माणसानं किती चांगलं शिकवावं, यालाही काही मर्यादा पाहिजे, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं!