भूपालरावांचे घरची पाच पिंपे रिती जाहली त्याची हकीकत

श्रीचरणी माथा टेकून, डोळां देखिले तितुकेच लिहितो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, आषाढ शुद्ध षष्ठी. भूपालरावांचे राज्य म्हणजे चार खोल्या आणि परसू. तेथे नळ चौथे दिवशी येई, म्हणोन पाण्याची पाच पिंपे जिवापाड जतन केली होती. आणि राणीसाहेब रत्नाक्का यांचा कुळधर्म ऐसा की, पाणी फडक्याने गाळावे, आणि फडक्यात अडकला जीव मारू नये, अलगद पुन्हा पिंपातच सोडावा. धन्य ती दया! मग वर्तमान आले की खालचे आळीत डेंग्यू नामे शत्रू शिरला, आणि सून सुमतीबाई, दवाखान्यात परिचारिका, धावत येऊन बोलत्या जाहल्या, "मामंजी, आत्या, आजच पिंपं ओतून घासू या. चंदनाला गेल्या साली हा ताप येऊन गेलाय. दुसऱ्यांदा आला तर पोर हाती लागायची नाही." चंदना म्हणजे चार वर्षांची एकुलती नात. भूपालराव गर्जले, "डोकं फिरलंय काय? नळ परवा यायचा, तोवर काय हवा प्यायची?" आणि रत्नाक्का वदल्या, "गाळून तर घेतो की गं आपण!"

मग सुमतीबाईंनी वाद न घालिता पांढऱ्या वाटीत पिंपातले पाणी घेऊन उजेडी धरिले, तो आत बारीक अळ्या वळवळताहेत. "आत्या, ह्याच अळ्यांचे डास होतात. तुम्ही रोज जपून सोडता त्या ह्याच." रत्नाक्कांनी वाटी डोळ्यांशी धरिली. "अगं बाई! मीच पोसल्या होय गं?" ओतावे तर हत्या, न ओतावे तर नात. तो प्रसंग पाहता आमचे अंगावर काटा आला. भूपालरावही नरमले आणि म्हणाले, "तू आत जा. मी ओततो, आणि पाणी लांबच्या विहिरीवरनं आणतो." रत्नाक्का म्हणाल्या, "नको. व्रत माझं, तर पाप बी माझ्याच माथी." आणि काय सांगावे! जन्मभर मुंगी चुकवून पाऊल टाकिले त्या बाईंनी पदर खोचून पाचही पिंपे भर उन्हात स्वहस्ते उपडी केली, आणि ओल्या मातीस हात जोडून क्षमा मागितली, आणि घासून पुसून, भूपालरावांनी विहिरीवरून आणिल्या नव्या पाण्यावर फडकी करकचून बांधिली की आत जीव जन्मूच नये. त्या दिवशी बाईंनी अन्न घेतले नाही.

ऐसे हे वर्तमान. लढाया पुष्कळ ऐकिल्या, परंतु आपल्याच पुण्यावर पाणी सोडून लेकरू राखिले ऐसी बाई दुजी देखिली नाही. दिवेलागणीस उपाशीच त्या नातीस मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि घडोघडी तिचे कपाळ चाचपीत होत्या. कपाळ थंड होते.