फोरमनसाहेबांचं पहिलं जाहीर वादन

छापखान्यातून निवृत्त झाले त्याच संध्याकाळी फोरमनसाहेबांनी मेहुण्याला ठणकावून सांगितलं, की येत्या रविवारी घरी आपलं व्हायोलिनवादन होणार, आणि एक माणूस जरी मधे उठला तरी व्हायोलिन माळ्यावर टाकीन, पुन्हा हात लावणार नाही. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, एक नंबरचा खवचट. तो म्हणाला, "दाजी, शब्द फिरवायचा नाही हं." साहेबांनी मिशीला पीळ दिला. बावन्न वर्षांची तपश्चर्या होती, कुणाच्या बापाला भीत होते ते?

तपश्चर्येबद्दल वादच नाही. आठव्या वर्षी व्हायोलिन हाती आलं तेव्हा वडिलांची पिठाची गिरणी होती, आणि गिरणी चालू असेल तेव्हाच वाजवायचं हा वडिलांचा दंडक. पुढे छापखान्याच्या मालकांनी परवानगी दिली, तीही मोठं यंत्र धडधडत असतानाच. लग्नानंतर बायकोने मिक्सर फिरेल तेवढा वेळ नेमून दिला. गडी असा वेडा, की एक दिवस खंड पडू दिला नाही. फक्त एक गोष्ट राहून गेली. त्यांचं व्हायोलिन आजवर कुणी ऐकलंच नव्हतं. खुद्द त्यांनीसुद्धा!

रविवारी पुढच्या खोलीत बावीस माणसं दाटीवाटीने बसली. आवाज नको म्हणून पंखाही बंद केला. साहेबांनी डोळे मिटून गज ओढला आणि दचकून डोळे उघडले. कुणाचं मांजर दारात चिरडलं की काय म्हणून त्यांनी दाराकडे पाहिलं. दार उघडंच होतं. पुन्हा गज ओढला, तेव्हा कळलं, मांजर आपल्याच हातात आहे.

बोटं आखडली. शेजारचे दंतवैद्य बसल्या जागेवरूनच चपला शोधू लागले. मेहुणा गालातल्या गालात हसत होता. बावन्न वर्षं माळ्यावर जायला निघाली होती आणि साहेबांना रडू फुटायचंच बाकी होतं.

बायको दारातून बघत होती. एरवी त्या व्हायोलिनला ती सवत म्हणायची, पण नवऱ्याचा तो चेहरा तिला बघवेना. ती तडक स्वयंपाकघरात गेली आणि मिक्सर घर्रकन सुरू झाला.

साहेबांच्या जिवात जीव आला. बोटं मोकळी झाली, मान डोलू लागली, आणि डोळे मिटून ते जे सुटले ते पाऊण तास थांबले नाहीत. नवल म्हणजे, एकही माणूस हलला नाही. दंतवैद्यसुद्धा चपला विसरले. सगळ्यांचं लक्ष मात्र स्वयंपाकघराकडे होतं.

शेवटी आत फट् झालं, जळका वास सुटला आणि साहेबांनी गज खाली ठेवला. टाळ्या पडल्या. मेहुण्याने मुकाट्याने हार मानली आणि बहिणीला विचारलं, "ताई, पाऊण तास वाटलंस, आता आण की बाहेर."

"काय आणू? भांडं रिकामंच फिरवत होते."

पाच मिनिटांत खोली ओस पडली.

सोमवारी नवराबायको मिक्सर घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेले. कारागिराने मोटर उघडली आणि कपाळाला हात लावला.

"मावशी, एवढं काय वाटत होतात यात?"

"यांचं व्हायोलिन," बायको म्हणाली.

साहेबांनी मान खाली घातली. मग हळूच कारागिराला विचारलं, याहून जरा मोठ्या आवाजाचा मिळतो का म्हणून.