स्मरणपत्र क्रमांक एक

निफाडकर काकांना मी पहिल्यांदा वाटीभर चिवडा दिला, तेव्हा दहा मिनिटांनी माझ्या दाराखालून एक कागद आत सरकला. त्यावर निळ्या शाईत, सुबक अक्षरात लिहिलं होतं: "आपल्याकडील चिवडा, वाटी एक, आज सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी प्राप्त झाला. चवीबाबतचा अभिप्राय स्वतंत्रपणे कळवण्यात येईल. वाटी धुऊन परत करण्याची कार्यवाही सुरू आहे." खाली सही, आणि सहीखाली पूर्ण नाव.

मला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. दुसऱ्या दिवशी खरंच अभिप्राय आला. "तिखट जास्त. शेंगदाणे पुरेसे. एकंदरीत समाधानकारक." सोबत वाटी, आणि वाटी मिळाल्याची सही करायला एक चिठ्ठी.

काका एका सरकारी कचेरीच्या आवक-जावक शाखेतून निवृत्त झालेत. कचेरीत आलेल्या प्रत्येक कागदाला आवक क्रमांक द्यायचा, बाहेर पडणाऱ्या प्रत्येक कागदाला जावक क्रमांक द्यायचा आणि सगळं वहीत उतरवायचं, हे काम त्यांनी चौतीस वर्षं केलं. कचेरी सुटली, पण वही सुटली नाही. कसबा पेठेतल्या आमच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, माझ्या समोरच्या दारामागे ती शाखा अजून चालू आहे. कर्मचारी एक. त्यांनी लग्न केलेलं नाही. का, असं विचारलं तर "प्रस्ताव विचाराधीन राहिला" एवढंच सांगतात आणि चष्मा पुसायला घेतात.

गॅसचा सिलिंडर आला, आवक. रद्दी गेली, जावक. खालच्या मजल्यावरची मांजर खिडकीतून आत आली की आवक आणि उडी मारून गेली की जावक. ती नोंद मी स्वतः वाचलीये. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं: "दूध प्यायली. आभार नाहीत." शेऱ्याचा रकाना रिकामा ठेवणं त्यांना जमतच नाही. रिकामा रकाना बघितला की त्यांना अंगाला खाज सुटते म्हणे.

माणूस तसा खडूस नाही, पण पुण्याचा आहे. एकदा कुणीतरी दारात उभं राहून, काकांच्या तोंडाकडे बघत, "काका, घरी आहात का?" असं विचारलं. काका म्हणाले, "नाही, सकाळीच जावक झालोय." आणि दार लावून घेतलं. बोलतात मात्र सगळ्यांशी अहो-जाहो करून. सिलिंडरवाल्यालाही आपण आणि मांजरालाही आपण. मी दिग्रसहून आलेली, बावीस वर्षांची मुलगी. मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी "अहो प्रणाली" म्हटलं, तेव्हा मी मागे वळून पाहिलं होतं.

आता माझं सांगते, कारण त्याशिवाय काका कळायचे नाहीत. मी पुण्यात राहून अकरा कंपन्यांमध्ये ट्रेनीच्या जागेसाठी अर्ज केले होते. दहांनी नाही म्हटलं, काहींनी तर मी कॉम्प्युटरवरची अर्जाची खिडकी बंद करायच्या आत. उरली हिंजवडीची एक. तिथे तीन परीक्षा झाल्या, मुलाखत झाली, मुलाखतीत मी हसलेसुद्धा, आणि शेवटी मुलाखत घेणाऱ्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, "वी विल गेट बॅक टू यू." त्यानंतर महिनाभर कुणीही गेट बॅक केलं नाही.

घरून बाबांचा फोन यायचा. "दिवाळीपर्यंत पाह्य पोरी. नाही तं येऊन जाय घरी. मामाच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसाले माणूस पाहिजेच आहे." मामाचं खतांचं दुकान आहे. वाईट काहीच नाही त्यात. पण युरियाच्या पोत्यांशेजारी बसून आयुष्यभर "पुण्यात होती ना तू?" ऐकायचं, या कल्पनेनंच मला रडू यायचं. दिवाळीला दोन आठवडे उरले होते.

हे सगळं मी एकदा काकांना सांगून बसले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "अर्जाची पोच मिळाली का?"

मी मोबाइलवरची मेल दाखवली. तुमचा अर्ज मिळाला, आभार, आणि खाली: कृपया या मेलला उत्तर देऊ नये. काकांनी चष्मा वर केला, खाली केला.

"उत्तर देऊ नये? अहो, मग पत्र कशाला पाठवलं? हे म्हणजे दार वाजवायचं आणि पळून जायचं."

"काका, हे कॉम्प्युटर आपोआप पाठवतो."

"त्याच्या वर कुणी साहेब असेल ना?"

त्या दिवसापासून त्यांनी माझ्या अर्जाची वेगळी वही उघडली आणि माझा मोबाइल ताब्यात घेतला. म्हणजे तसा नाही, पण नियम घातला. मी दिवसभर मिनिटामिनिटाला मेल बघते, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. "टपाल दिवसातून दोनदा येतं," त्यांनी जाहीर केलं. "अकरा वाजता आणि चार वाजता. मधल्या वेळात पेटी उघडायची नाही. पेटीला त्रास होतो."

मी हसले, पण ऐकलं. अकरा वाजता काका दारात उभे. मी मोबाइल उघडायची, मान हलवायची, ते वहीत "निरंक" लिहायचे. चार वाजता पुन्हा तेच, फक्त चहाबरोबर. चहा ते करायचे, दोन कप, माझ्या कपात साखर जास्त. आश्चर्य म्हणजे मला रात्रीची झोप लागायला लागली. दिवसभर एकटीनं वाट बघण्यापेक्षा चार वाजता दोघांनी बघितलेली बरी असते, हे मला तेव्हा कळलं.

"भलती टेबलं तपासली का?" हा त्यांचा रोजचा प्रश्न. त्यांचा ठाम सिद्धांत होता की कागद हरवत नाही, तो भलत्या टेबलावर असतो. त्यांच्या कचेरीत कुणाचा तरी बदलीचा हुकूम दोन महिने सापडत नव्हता, तो कँटीनच्या टेबलावर भज्यांखाली सापडला. "तेल लागलं होतं," काका सांगायचे, "तरी मी त्याला आवक क्रमांक दिला."

"मेलमध्ये टेबलं नसतात काका."

"आपण म्हणता तर नसतील," असं म्हणून ते वहीत काहीतरी लिहायचे. मी एकदा चोरून वाचलं. "शेरा: टेबलं आहेत. मान्य करत नाहीत."

दिवाळी आठवड्यावर आली तशी काकांनी स्मरणपत्राचा मसुदा काढला. "विषय: कु. प्रणाली ढोबळे यांच्या प्रशिक्षणार्थी पदाच्या अर्जावरील आपल्या मौनाबाबत." पुढे दोन पानं. शेवटी प्रत कुणाकुणाला, त्याची यादी: सुरक्षा विभाग, स्वागत कक्ष आणि उपाहारगृहाचे व्यवस्थापक.

"उपाहारगृह कशाला?"

"कागद तिथेच सापडतात."

"काका, प्लीज. असलं काही पाठवलंत तर ते मला वेडी समजतील. असेल नसेल तेवढा चान्सही जाईल. प्लीज, नाही पाठवायचं."

काकांनी कागदाची घडी घातली. "ठीक. आपलं म्हणणं नोंदवून घेतलं," ते म्हणाले. नोंदवून घेतलं म्हणजे मान्य केलं असं नसतं, हे मला कळायला हवं होतं. चौतीस वर्षं त्यांनी दुसरं काय केलं होतं?

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता काका दारात आले नाहीत. कुलूप होतं. मला वाटलं, बँकेत गेले असतील. दुपारी साडेतीनला माझा फोन वाजला.

"हाय, प्रणाली? मी हिंजवडीहून, रिसेप्शनवरून बोलतेय. इथे एक अंकल आलेत. सकाळी दहापासून बसलेत. त्यांना त्यांच्या लेटरवर स्टँप मारून हवाय. आमच्याकडे स्टँपच नाहीये यार. मी म्हटलं, मेल करा. ते म्हणाले, मेलवर शिक्का कुठे मारणार ते दाखवा."

संपलं, असं वाटलं. खतांचा वास अगदी नाकात शिरला.

"सॉरी मॅम, ते माझे शेजारी आहेत, मी त्यांना सांगितलं होतं की..."

"अगं, ऐक तर. ते लेटर मी आत नेऊन दाखवलं, तर सगळे कन्फ्यूज झालेत. मौन कसलं? तुझं ऑफर लेटर आठ दिवसांपूर्वीच पाठवलंय. आज पाचपर्यंत ॲक्सेप्ट करायचंय, नाहीतर वेटिंग लिस्टवरच्या मुलीला जाईल. तू नकोच म्हणतेयस असं वाटलं सगळ्यांना."

मी मेल उघडली. इनबॉक्स मला पाठ होता. स्पॅमही रोज बघत होते. मग सापडलं. ज्या कप्प्यात जाहिराती आपोआप जाऊन पडतात आणि जो मी जन्मात उघडला नव्हता, त्या कप्प्यात, चपलांच्या सेलच्या खाली आणि केसगळतीच्या तेलाच्या वर, माझं ऑफर लेटर आठ दिवस निवांत पडलं होतं. भलत्या टेबलावर. मी ॲक्सेप्टचं बटण दाबलं तेव्हा चारला पाच कमी होते. मग मी बाबांना फोन केला आणि आम्ही दोघं रडलो.

काका दिवेलागणीला परतले. जाताना ते आधी स्वारगेटला गेले होते, म्हणजे बरोबर उलट्या दिशेला, कारण "बस जिथून सुटते तिथूनच बसावं, मधेच चढणं बरं दिसत नाही." मी धावत जाऊन त्यांच्या पाया पडले. ते गडबडले.

"अहो, उठा उठा. काम अर्धवट झालंय," ते म्हणाले आणि त्यांनी पत्राची प्रत दाखवली. शिक्का नव्हताच. रिसेप्शनवरच्या मुलीनं हार मानून कोपऱ्यात व्हिजिटरचा गोल स्टिकर चिकटवला होता. "चिकट कागद दिला हो त्यांनी. एवढी मोठी इमारत, आणि शिक्का नाही. सहा महिने टिकणार नाही ती."

हसता हसता माझ्या लक्षात आलं. "काका, रोज इथून हिंजवडी जमणार नाही. मला तिकडेच हॉस्टेल बघावं लागेल."

"कल्पना आहे."

"तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

काका चष्मा पुसायला लागले. "उत्तर आलं तर आपण हिंजवडीला जाणार. नाही आलं तर दिग्रसला जाणार. जावक दोन्हीकडून होतीच. मग म्हटलं, निदान उत्तर येऊन व्हावी." आणि ते चहा करायला आत गेले. संध्याकाळचे सात वाजले होते, चहाची वेळ टळून गेली होती, तरी त्यांनी दोन कप केला.

मी निघाले त्या दिवशी काकांनी वही सहीसाठी पुढे केली. वर्षापूर्वीचं माझं येणं त्यात होतं: "कु. प्रणाली ढोबळे, मुक्काम दिग्रस. सोबत बॅगा दोन, तुळशीची कुंडी एक. शेरा: फार बोलतात." आणि आजची जावक: "मुक्काम हिंजवडी. कारण: नोकरी." शेऱ्याचा रकाना रिकामा होता.

"काका, इथे राहिलं."

"बघतो सावकाश," ते म्हणाले आणि वही मिटली. मग बॅग उचलायला पुढे झाले, ती त्यांना झेपत नसताना.

मी त्यांना कबूल केलं की दर रविवारी चार वाजता फोन करीन. करतही होते. "आपला फोन प्राप्त झाला," ते म्हणायचे, क्रमांक सांगायचे आणि मग मांजराच्या आवक-जावकीचा गोषवारा द्यायचे. मागच्या रविवारी मात्र आमच्या प्रोजेक्टची घाई होती. सोमवारी करू म्हटलं, सोमवारचा मंगळवार झाला आणि राहून गेलं.

शुक्रवारी हॉस्टेलवर टपालानं पत्र आलं. आमच्या वॉर्डनबाईंनी ते दोनदा उलटंसुलटं करून बघितलं, कारण तिथे कुणाला पत्र येत नाही.

"स्मरणपत्र क्रमांक एक. विषय: रविवारच्या फोनबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून कळवण्यात येते की, आपला रविवारचा फोन या कार्यालयास अद्याप प्राप्त झालेला नाही. भलती टेबलं तपासली, तिथेही आढळला नाही. आपण कामात असाल याची जाणीव आहे. चहा दोन कप करण्यात आला होता. माहितीस्तव सादर."

शनिवारी सुट्टी होती. धुवायचे कपडे तसेच ठेवले, किलोभर चिवडा घेतला, तिखट कमी सांगून, आणि स्वारगेटची बस पकडली. ती जिथून सुटते तिथवर चालत गेले आणि पहिल्या सीटवर बसले. चारच्या आत पोचायचं होतं.