अध्यक्षांची पाहणी

बायकांच्या सार्वजनिक संडासात आप्पासो कोंडले गेले तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते, आणि अकराला जिल्ह्याहून मॅडम तपासणीला येणार होत्या.

आप्पासो वाडीच्या पाणी व स्वच्छता समितीचे अध्यक्ष. संडास बांधून वर्ष झालं, पण एकही बाई तिकडं फिरकत नव्हती. का, ते कुणी विचारलं नव्हतं. समितीत निम्म्या बायका होत्या, पण त्यांच्या सह्या घरोघर जाऊन आणल्या जात. वरून खुलासा मागवला, तेव्हा 'महिलांना सवय नाही' असं आप्पासोंनी एका ओळीत कळवून टाकलं. त्यावरच आता मॅडम निघाल्या होत्या. निदान आत जळमटं नसावीत म्हणून, समोरचा पार रिकामा बघून आप्पासो गुपचूप आत शिरले. कोरडा नळ पिळत असतानाच बाहेर खट् झालं.

"वाऱ्यानं उघडलं वाटतं. शेरडं शिरत्यात आत," असं पुटपुटत मनुबाई आपली शेरडं हाकत निघून गेली. ठेकेदारानं कडी फक्त बाहेरून बसवली होती.

आप्पासोंनी हाक मारायला तोंड उघडलं, तोच कुणीतरी खाकरलं. त्यांनी फटीला डोळा लावला. वीस पावलांवर पार, पारावर बाकडं, आणि बाकड्यावर तात्याबा बैठक मारत होते. मागोमाग बाकीची मंडळी आली. सगळ्यांची तोंडं थेट दाराकडं. आपण इथून बाहेर पडताना तात्याबानं बघितलं, तर दुपारपर्यंत उंब्रजच्या बाजारात बातमी पोचणार! आप्पासोंनी दबक्या आवाजात बायकोला फोन लावला.

"आवं, कुठं हायसा? पव्हं थंड झालं," आक्काताई म्हणाल्या.

"हळू बोल. संडासात हाय."

"मग या की आटपून."

"आपल्या न्हाई. तुमच्या. भायेरनं कडी लागलीया."

पलीकडं हसू दाबल्याचा आवाज आला.

"हसतीस काय? ये आन् नुसती कडी काढून जा."

"पारावर कोण हाय?"

"आठ जण."

"मग कशी येऊ? आठ जणांच्या डोळ्यांदेखत संडासाकडं जाऊ व्हय?"

"मग मी काय करू?"

"अंधार पडू द्या. आमी बी तवाच जातो," असं म्हणून आक्काताईंनी फोन ठेवला.

पत्रा तापू लागला. पारावर ऊसतोडीवर तासभर बोलणं झालं, मग पुन्हा पहिल्यापासून झालं. एरवी आप्पासो त्याच बाकड्यावर डावीकडून तिसरे बसत. माणसं इतका वेळ बसतात, हे त्यांच्या आज पहिल्यांदाच ध्यानात आलं.

साडेदहालाच गाडी आली. दीपमाला मॅडम वाटेत दोन गावं उरकून आल्या होत्या. ग्रामसेवक म्हणाले, "मॅडम, आधी चहा घेऊ."

"चहा नंतर. महिलांचा संडास कुठे आहे?"

"तपासायला ना?"

"तपासायला आणि जायलाही."

मॅडम निघाल्या तशा पारावरच्या आठही माना त्यांच्याबरोबर वळल्या. मॅडमनी ओढणी सारखी केली, पावलं उचलली आणि कडी काढली.

आत आप्पासो ताठ उभे होते. सदरा घामानं चिंब.

"तुम्ही कोण?"

"अध्यक्ष. पाहणी... पाहणी करत हुतो."

"कधीपासून?"

"साडेआठपासनं."

"सखोल दिसतेय. मग काय आढळलं?"

आप्पासोंनी पाराकडं पाहिलं. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"कडी आतनं न्हाई. नळाला पाणी न्हाई. आन् ही समोरची माणसं," त्यांनी पाराकडं बोट केलं, "ही उठतच न्हाईत, मॅडम!"

दुपारी मॅडमनी फक्त बायकांची बैठक घेतली. कडी आणि पाणी दोन मिनिटांत मंजूर झालं. दार मागच्या बाजूला घ्यायचं म्हटल्यावर मात्र लिहून घ्यायला बसलेले ग्रामसेवक कुरकुरले. भिंत फोडायची, नवं अंदाजपत्रक, वरची मंजुरी. सहा महिने कुठं गेले नाहीत.

"दार कशाला हलवताय?" मनुबाई म्हणाली. "बाकडं हलवा."

ठराव एकमतानं झाला. उन्हं कलताना बाकडं सोसायटीच्या गोदामामागं निघालं. एक टोक आप्पासोंनी धरलं होतं, दुसरं तात्याबांनी.

"आप्पा, हितनं तर सगळा ऊसच दिसतुया," तात्याबा कळवळून म्हणाले. "मग दिसभर बघायचं काय?"

"ऊस," आप्पासो म्हणाले, आणि आपलं टोक खाली ठेवलं.