लेक-चौकट कोपरा सोडीना, त्याची हकीकत

श्रीगजाननास प्रथम वंदन, आणि जे यंत्र वंदन करूनही ऐकत नाही त्यास दुसरे. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर, माघ शुद्ध पंचमी. संवत्सराचे नाव क्रोधी होते आणि ते सार्थ जाहले. एका थोर राज्यात, ज्याचे नाव लिहावयाची आम्हांस आज्ञा नाही, सरकारांचे मनात आले की सर्व खात्यांचा आराखडा यंत्राच्या काचफलकावर काढावा, खाते तेथे चौकट, आणि चौकटीच्या पोटी माणसांची चौकट, म्हणजे बसल्या जागी राज्य दिसेल. हे काम सगुणाबाई चौकटनवीस यांजकडे आले. बाई हाताने चोख आणि जिभेने त्याहून चोख. त्यांनी टपालखात्याची चौकट काढिली, तीस माय म्हटले, आणि आत चौदा माणसांच्या नावांची धाकटी चौकट ठेविली, तीस लेक म्हटले. मग शेजारच्या घोडदळाशी रांग जुळावी म्हणोन माय ओढून मोठी केली, तो माय वाढली आणि लेक डाव्या कोपऱ्यात होती तैशीच आखडून बसली, आणि भोवती पांढरे रान मोकळे पडले. नेमके तेच समयी सरकार आले आणि फलकाकडे पाहोन बोलिले, "टपालात इतकी जागा रिकामी? म्हणजे काम नाही. अर्धी चौकट मोकळी, तर अर्धी माणसे कमी करा." बाईंनी अर्ज केला, "सरकार, ते चित्र आहे. माणसे पुरती आहेत, चित्र अपुरे आहे." सरकार बोलिले, "आम्ही डोळ्यांनी पाहतो ते खोटे आणि तुम्ही तोंडाने सांगता ते खरे?" सात नावांचा कागद तयार जाहला, आणि पौर्णिमेस दुपारी दरबारात त्यावर मोर्तब व्हावे ऐसे ठरले. पहिलेच नाव मंजुळाबाईंचे, ज्यांनी बावीस वर्षे घरोघरी पत्रे वाटिली. आपल्या एका रेघेपायी सात घरच्या चुली विझणार हे सगुणाबाईंनी जाणिले, आणि त्यांनी पदर खोचला.

मग बाईंनी लेक हाताने ओढून चारी काठांस नेऊन बसविली आणि सुटकेचा निःश्वास टाकिला. परंतु दरबारचा फलक बाईंच्या फलकाहून थोर, तेथे माय ताणली जाई, उघडून पाहतात तो लेक पुन्हा कोपऱ्यात, येरे माझ्या मागल्या. पुन्हा ओढिली, पुन्हा कोपरा. ऐसे तीन दिवस गेले. मग बाळंभट यंत्रशास्त्री यांस पाचारण केले. ते आले, त्यांनी पोथी उघडिली आणि म्हणाले, "सोपे आहे. लेकीस 'भरून राहा' अशी आज्ञा द्यावी, की भरते." बाई म्हणाल्या, "दिली आहे." भट म्हणाले, "पुन्हा द्यावी." पुन्हा दिली, काही नाही. भट म्हणाले, "पोथीत तर भरते." बाई म्हणाल्या, "मग तुमच्या पोथीतच दरबार भरवा!" आणि भट रागावून निघोन गेले ते उपरणे विसरोन गेले. मग बाईंनी मायेस 'लेकीच्या मापाने राहा' अशी आज्ञा दिली, तो भलतेच जाहले. माय विचारी लेकीस, तुझे अंग केवढे. लेक म्हणे, तू देशील तेवढे. माय म्हणे, तू मागशील तेवढे देईन. आणि दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या आणि शेवटी मायच आखडून लेकीएवढी जाहली, आणि घोडदळाशेजारी टपालखाते म्हणजे भिंतीस लागलेला डाग दिसो लागला. बाईंनी कपाळावर हात मारिला आणि यंत्रास जे शब्द वाहिले ते येथे लिहिता येत नाहीत.

चतुर्दशीस मंजुळाबाई टपालाची पिशवी घेऊन आल्या आणि बाईंचा चेहरा पाहोन दारातच थबकल्या. "काय झालं ओ बाई?" सगुणाबाई चिडोनच बोलिल्या, "माय म्हणते दिले, लेक म्हणते मिळाले नाही. दहा दिवस हेच." मंजुळाबाई हसल्या. "त्यात काय नवल? माझ्या आयनं लग्नात दोन लुगडी दिली, सासूनं पेटीत घालून कुलूप लावलं. आय म्हणायची दिलं, म्या म्हणायची मिळालं न्हाई. दोघी खऱ्या. मधी सासू हाय का बघा." बाईंनी डोळे मोठे केले आणि यंत्राच्या पोटातील यादी उघडिली, तो माय आणि लेक यांच्या मध्ये एक तिसरी चौकट बसलेली, तिला नाव नाही, रंग नाही, काठ नाही, यंत्राने आपल्या सोयीने घातलेली. माय देत होती ते सर्व तिचे घरी जाऊन पडत होते, आणि पुढे द्यावे ऐसे तीस कोणी सांगितलेच नव्हते. बाईंनी तीस आज्ञा दिली, "भरून राहा आणि भरू दे," आणि लेक एका क्षणात चारी काठांस जाऊन भिडली. बाई आधी हसल्या, मग दहा दिवसांचा संताप डोळ्यांवाटे वाहिला, आणि मंजुळाबाईंनी पाठीवर हात ठेविला.

पौर्णिमेस दरबार भरला. सात नावांचा कागद सरकारांचे मांडीवर, शिक्का हाताशी. फलक उघडिला, टपालखाते काठोकाठ भरलेले. सरकारांनी पाहिले, शिक्का खाली ठेविला आणि बोलिले, "आता जागा नाही. माणसे लागतात." बाईंच्या जिवात जीव आला. इतक्यात सरकार पुन्हा बोलिले, "परंतु फार दाटी दिसते. भोवती थोडी पांढरी जागा सोडा, म्हणजे शोभा येईल." सगुणाबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सोडते. परंतु आधी तो कागद फाडावा. शोभेची जागा आणि माणसांची जागा सरकारांस निराळी दिसत नाही, हे आम्ही दहा दिवस भोगले आहे." सरकार तांबडे जाहले, मग फलकाकडे पाहिले, मग दरबाराकडे, आणि सगळे आपल्याकडेच पाहतात हे जाणोन त्यांनी कागद फाडिला. मग बाईंनी जागा सोडली.

येणेप्रमाणे हकीकत. लेक काठास न्यावयास दहा दिवस लागले, आणि काठापासून बोटभर मागे घ्यावयास पापणी लवेतो. सात माणसे राहिली. कागदाचे तुकडे बाईंनी वेचून पदरात बांधिले आणि घरी नेले, कारण सरकारांवर त्यांचा भरवसा उरला नव्हता.